विश्लेषण : ॲडव्हेंचर बाइकला घरीच ॲक्सेसरीज बसवताय? आधी वजन, वीज आणि बोल्टचा हिशेब समजून घ्या

पाऊस ओसरला, की पुणे, नाशिक, कोल्हापूरच्या सोसायट्यांमध्ये रविवारी सकाळी एक ओळखीचे दृश्य दिसते. पार्किंगमध्ये गाडी स्टँडवर लावलेली, शेजारी जुन्या चादरीवर पाने मांडलेले, खोक्यातून नुकताच निघालेला क्रॅश गार्ड, फॉग लाइटची जोडी आणि सीटवर ठेवलेल्या मोबाइलवर ‘कसे बसवावे’ सांगणारा व्हिडिओ. दोन-तीन तासांत गाडीचे रूप पालटते, मजुरी वाचते आणि आपल्या हाताने काम केल्याचे समाधानही मिळते. खरी परीक्षा मात्र नंतर होते. ताम्हिणीच्या धुक्यात दिवे अचानक विझले किंवा स्पितीच्या खडबडीत रस्त्यावर बॅगेचा रॅक निखळला, तर ती चूक त्या रविवारच्या सकाळीच झालेली असते. घरी नेमके काय बसवता येते, कुठे काळजी घ्यावी आणि कोणते काम मेकॅनिकवर सोडावे, याविषयी...

याच गाड्यांना एवढ्या ॲक्सेसरीज का लागतात?

डांबरी रस्ता आणि कच्ची वाट अशा दोन्हींसाठी बनवलेली, लांबच्या प्रवासाला योग्य गाडी म्हणजे ॲडव्हेंचर बाइक. बीएमडब्ल्यूने १९८० मध्ये आणलेली ‘आर ८० जी/एस’ ही या प्रकाराची जनक मानली जाते. भारतात हीरोच्या ‘इम्पल्स’ने २०११ मध्ये छोटी सुरुवात केली. २०१६ मध्ये रॉयल एन्फिल्डची ‘हिमालयन’ आली आणि हा प्रकार सर्वसामान्यांच्या आवाक्यात आला. पुढे २०१९ मध्ये ‘एक्सपल्स २००’, २०२० मध्ये ‘केटीएम ३९० ॲडव्हेंचर’ आणि २०२३ मध्ये ४५२ सीसीची नवी ‘हिमालयन’ दाखल झाली.

या गाड्या कच्च्या रस्त्यावर पडतात, हे गृहीतच धरलेले असते. त्यामुळे इंजिनाखाली बॅश प्लेट, बाजूला क्रॅश गार्ड, हँडलला हँड गार्ड, सामानासाठी रॅक आणि बॅगा, रात्रीसाठी जादा दिवे अशी यादी वाढत जाते. कंपनीची गाडी सर्वांसाठी एकसारखी असते, प्रवास मात्र प्रत्येकाचा वेगळा असतो. ॲक्सेसरीज ही दरी भरून काढतात. पण प्रत्येक वस्तू गाडीकडून काही तरी मागते. काही वस्तू वजन वाढवतात, काही वीज घेतात, तर काही बोल्टवर ताण आणतात.

पहिली खरेदी कोणती असावी?

साधा नियम असा, की आधी गाडी चालती ठेवणारी वस्तू घ्यावी, मग सोयीची आणि शेवटी शोभेची. दगड लागून इंजिनाचे आवरण फुटले, तर तेल वाहून जाते आणि गाडी तिथेच थांबते. म्हणून कच्च्या रस्त्यावर जाणाऱ्यासाठी बॅश प्लेट पहिली. गाडी आडवी झाल्यावर सर्वात आधी क्लच किंवा ब्रेकचा लिव्हर तुटतो. त्यामुळे धातूचा कणा असलेले हँड गार्ड दुसरे. नुसत्या प्लॅस्टिकचे हँड गार्ड वारा आणि पाऊस अडवतात, लिव्हर वाचवत नाहीत. त्यानंतर क्रॅश गार्ड, रॅक, दिवे असा क्रम लावता येतो. रोज ऑफिसला आणि महिन्यातून एकदा महाबळेश्वरला जाणाऱ्याला यातल्या निम्म्या वस्तूंचीही गरज नसते.

घरी कामाला कोणती हत्यारे हवीत?

गाडीसोबत येणारी पान्यांची पिशवी रस्त्यावरच्या अडचणीसाठी असते. फिटिंगसाठी ८ ते १७ नंबरचे सॉकेट, ४ ते ८ मिलिमीटरच्या ॲलन की, चांगला स्क्रू ड्रायव्हर, मल्टिमीटर, वायर सोलण्याचा आणि टर्मिनल दाबण्याचा पकड-पाना एवढे तरी हवे. सोबत निळ्या रंगाचे थ्रेड लॉक, हीट श्रिंक नळी आणि केबल टाय. टॉर्क रेंच मात्र अनेक जण टाळतात. पुण्यात नाना पेठेसारख्या बाजारात ही सारी हत्यारे मिळतात. मित्रांनी वर्गणी काढून एक टॉर्क रेंच घेतला, तरी सर्वांचे भागते.

काम सुरू करण्यापूर्वी दोन सवयी उपयोगी पडतात. प्रत्येक भाग सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढावा आणि निघालेले बोल्ट व वायसर जागेनुसार वेगवेगळ्या वाटीत ठेवावेत. सारखे दिसणारे दोन बोल्ट लांबीला पाच मिलिमीटरने वेगळे असू शकतात. लांब बोल्ट चुकीच्या जागी गेला, तर तो आत कुठे टेकेल हे सांगता येत नाही.

बोल्ट ‘घट्ट’ म्हणजे नेमका किती घट्ट?

बोल्ट आवळला, की तो किंचित ताणला जातो. स्प्रिंगसारखा हा ताणच दोन भागांना एकत्र धरून ठेवतो. कमी आवळला, तर कंपनांनी सुटतो. जास्त आवळला, तर बोल्ट तुटतो किंवा ॲल्युमिनियमचे आटे जातात. इंजिनाच्या आवरणातले आटे गेले, तर दहा रुपयांच्या बोल्टपायी मशीन शॉपची फेरी पडते.

आवळण्याचे हे माप न्यूटन मीटरमध्ये मोजतात. वीस सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर सुमारे पाच किलोचा जोर दिला, तर बोल्टवर साधारण १० न्यूटन मीटर टॉर्क येतो. ज्याला १० नंबरचा पाना लागतो त्या सहा मिलिमीटरच्या बोल्टला साधारण एवढेच पुरते. आठ मिलिमीटरच्या बोल्टला २२ ते २५, तर दहा मिलिमीटरच्या बोल्टला ४५ ते ५० न्यूटन मीटर लागतात. हे ढोबळ आकडे आहेत. आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेले माप अंतिम मानावे. बोल्ट सुरुवातीला नेहमी हाताने फिरवून आत न्यावा. पहिले तीन-चार आटे सहज गेले नाहीत, तर तो वाकडा बसतोय. तेव्हा पाना लावू नये, बोल्ट काढून पुन्हा सुरुवात करावी.

क्रॅश गार्ड आणि बॅश प्लेट लावताना चूक कुठे होते?

बहुतेक क्रॅश गार्ड चेसिस किंवा इंजिन धरून ठेवणाऱ्या मूळ बोल्टच्या जागी बसतात. गार्डसोबत त्या जागेसाठी लांब बोल्ट येतात. इथे सर्वात मोठी चूक म्हणजे सगळे बोल्ट एकदम काढणे. इंजिन किंचित खाली सरकते आणि मग छिद्रे जुळत नाहीत. घाईत हातोडी हातात घेतली जाते. त्यापेक्षा इंजिनाखाली लाकडी ठोकळा किंवा जॅकचा आधार द्यावा आणि एका वेळी एकच बोल्ट बदलावा. गार्डचे सगळे बोल्ट आधी सैल लावावेत, तो सरळ बसल्याची खात्री करावी आणि मग दोन्ही बाजूंनी आलटूनपालटून आवळावेत. एक बाजू आधी पूर्ण आवळली, तर दुसऱ्या बाजूला गार्ड ताणून बसवावा लागतो. असा गार्ड आपटल्यावर तो ताण थेट चेसिसवर येतो.

बॅश प्लेट लावण्याआधी तिच्यातून तेल काढण्याचा बोल्ट मोकळा राहतो का, हे पाहावे. नाही तर प्रत्येक सर्व्हिसिंगला प्लेट उतरवावी लागेल. प्लेट आणि इंजिन यांमध्ये चिखल साचतो, म्हणून पाणी निघून जाण्याची छिद्रे हवीत. रेडिएटर असलेल्या गाडीत कोणताही गार्ड हवेची वाट अडवणार नाही, हेही पाहावे.

हँड गार्ड बसवल्यावर दोन्ही लिव्हर पूर्ण दाबून पाहणे अत्यावश्यक आहे. गार्डचा क्लॅम्प ब्रेकच्या नळीवर टेकत असेल किंवा लिव्हर गार्डला घासत असेल, तर गाडी रस्त्यावर आणू नये.

फॉग लाइटची वायर थेट हेडलाइटला जोडली तर?

घरच्या फिटिंगमध्ये सर्वाधिक गफलत इथेच होते. हेडलाइटच्या वायरला सोलून फॉग लाइटची वायर पिळली, वर चिकटपट्टी गुंडाळली, की दिवे लागतात. पण हेडलाइटची मूळ वायर आणि तिचा स्विच हेडलाइटपुरताच विद्युतप्रवाह वाहण्यासाठी बनवलेला असतो. त्यावर दुप्पट भार आला, की वायर गरम होते आणि आवरण वितळते. शॉर्ट सर्किट झाले, तर जादा दिव्यांसोबत मूळ हेडलाइटही जातो. तोही घाटातल्या वळणावर.

यावर उपाय म्हणजे रिले आणि फ्यूज. रिले हा विजेवर चालणारा स्विच. हँडलवरच्या छोट्या स्विचमधून पाव अँपिअरपेक्षाही कमी प्रवाह रिलेला इशारा देतो आणि रिले बॅटरीपासून दिव्यांपर्यंतचा मोठा रस्ता उघडतो. चार पायांच्या रिलेवर आकडे छापलेले असतात. ३० क्रमांकाला बॅटरीचा पॉझिटिव्ह फ्यूजमधून येतो. ८७ वरून वायर दिव्यांकडे जाते. ८६ ला किल्ली फिरवल्यावरच वीज येणारी वायर स्विचमधून जोडतात, तर ८५ बॅटरीच्या निगेटिव्हला किंवा चेसिसला. त्यामुळे किल्ली काढली, की दिवे आपोआप बंद होतात. काही गाड्यांत ॲक्सेसरीसाठी कंपनीनेच वेगळा कनेक्टर दिलेला असतो. तो असेल, तर मूळ वायरिंगला हात लावण्याची गरजच नाही.

फ्यूज हा दिव्यांच्या नव्हे, वायरच्या रक्षणासाठी असतो. म्हणून तो दिव्याजवळ लावून उपयोग नाही. बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आतच तो हवा. बॅटरी आणि फ्यूज यांमधला वायरचा तुकडा असुरक्षितच राहतो. तो जितका छोटा, तितके बरे. वॉटला व्होल्टने भागले, की अँपिअर मिळतात. २० वॉटचे दोन दिवे म्हणजे ४० वॉट. त्याला १२ ने भागले, की सुमारे ३.३ अँपिअर. तिथे ५ अँपिअरचा फ्यूज पुरतो. फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा टाकणे किंवा तार गुंडाळणे म्हणजे वायरलाच फ्यूज बनवणे.

काम करताना बॅटरीचा निगेटिव्ह आधी सोडवावा आणि शेवटी जोडावा. पॉझिटिव्ह सोडवताना पाना चेसिसला टेकला, तरी मग ठिणगी उडत नाही. जोड पिळून टेप लावण्यापेक्षा टर्मिनल दाबून त्यावर हीट श्रिंक चढवावे. कोकणातल्या एका पावसाळ्यात टेप सुटते आणि तांबे हिरवे पडते. वायर नेताना हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे. ती कुठे ताणली किंवा चिमटली जात असेल, तर काही हजार वळणांनंतर ती तिथेच तुटणार.

सगळ्या उपकरणांना गाडीची वीज पुरते का?

गाडीचा आल्टरनेटर ठरावीक वॉट वीज तयार करतो. त्यातली बरीचशी इंजेक्शन, इग्निशन, एबीएस आणि हेडलाइटच वापरतात. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट कायम सुरू राहतो, त्यामुळे तो भार टाळताही येत नाही. उरलेल्या विजेत फॉग लाइट, मोबाइल चार्जर, गरम होणारी ग्रिप हे सारे बसवायचे असते. वीज कमी पडली, तर ती बॅटरीतून खेचली जाते आणि सकाळी गाडी सुरू होत नाही.

हे तपासायला मल्टिमीटर पुरतो. गाडी बंद असताना चांगल्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसतात. गाडी सुरू करून प्रवासात असतो तेवढा रेस दिल्यावर ते १३.५ ते १४.५ च्या दरम्यान हवेत. आता एकेक ॲक्सेसरी सुरू करावी. आकडा १३ च्या खाली घसरला, तर भार झेपत नाही असे समजावे.

चार्जरसोबत येणाऱ्या मोबाइल होल्डरचा एक मुद्दा अनेकांना ठाऊक नसतो. मोटारसायकलच्या तीव्र कंपनांमुळे आयफोनच्या कॅमेऱ्याची फोकस आणि स्थिरीकरण यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपलने २०२१ मध्ये दिला होता. त्यामुळे कंपने शोषणारा होल्डर घ्यावा किंवा हँडलवर जुना फोन लावावा.

बॅगा आणि टॉप बॉक्समुळे गाडी का डोलते?

मागच्या चाकाच्या आसाच्याही मागे वजन गेले, की ते तरफेसारखे पुढचे चाक हलके करते. हँडल सैल वाटते, वेग वाढला की गाडी डोलू लागते. म्हणून जड सामान खाली, दोन्ही बाजूंना सारखे आणि शक्य तितके पुढे हवे. टॉप बॉक्समध्ये रेनकोट, जाकीट अशा हलक्या वस्तू. पाण्याचे कॅन आणि हत्यारे तिथे नकोत. रॅकवर कमाल किती वजन चालते, हे त्यावर किंवा माहितीपत्रकात दिलेले असते.

एकूण वजनाचा हिशेब तर फारच थोडे लोक करतात. उदाहरणादाखल, इंधनासह रिकामी गाडी २०० किलोची आणि तिचे कमाल एकूण वजन ३७० किलो असेल, तर १७० किलोच उरतात. दोन माणसांचे १४० धरले, तर राहिले ३०. क्रॅश गार्ड, बॅश प्लेट, रॅक आणि धातूच्या तीन रिकाम्या पेट्यांनी त्यातले २५ किलो खाल्ले, तर सामानासाठी पाच किलो उरतात! त्यापुढचे प्रत्येक किलो ब्रेक, टायर आणि सस्पेन्शन यांच्या मर्यादेबाहेरचे. म्हणूनच अनेक अनुभवी प्रवासी धातूच्या पेट्यांऐवजी कापडी बॅगा पसंत करतात.

सामान लादल्यावर मागच्या सस्पेन्शनचा प्रीलोड आणि टायरमधील हवा मॅन्युअलप्रमाणे वाढवावी. हेडलाइटचा झोतही पाहावा. मागे वजन वाढले, की तो वर उचलला जातो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

कायदा आणि विम्याचे काय?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील आणि कंपनीने ठरवलेली मूळ रचना यांत तफावत पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. इंजिन, चेसिस, रंग, सायलेन्सर यांना हात लावताना म्हणूनच सावध राहावे.

बॅगेचा स्टे बसवताना अनेक जण साडी गार्ड काढून टाकतात. मात्र मागच्या चाकाचे किमान अर्धे झाकणारे संरक्षण आणि मागे बसणाऱ्यासाठी हाताचा आधार केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम १२३ नुसार बंधनकारक आहे. नियम १११ नुसार पुढे स्पॉट लाइट किंवा सर्च लाइट लावायला मनाई आहे. त्यामुळे दिवे घेताना लांब झोताऐवजी खाली आणि रुंद पसरणाऱ्या प्रकाशाचे घ्यावेत, खाली वळवूनच बसवावेत आणि समोरून वाहन येताच बंद करावेत. नंबर प्लेट आणि मागचे इंडिकेटर बॅगेआड जाणार नाहीत, हेही पाहावे.

कापलेली वायर दिसली, तर विजेशी संबंधित बिघाडाची वॉरंटी नाकारली जाऊ शकते. महागड्या ॲक्सेसरीज विमा कंपनीला कळवून, अतिरिक्त हप्ता भरून पॉलिसीत नोंदवल्या नाहीत, तर अपघातानंतर त्यांची भरपाई मिळण्याची अपेक्षा ठेवू नये. बिले जपून ठेवावीत.

कोणती कामे घरी करू नयेत?

ब्रेकची नळी उघडावी लागेल असे कोणतेही काम, पुढचे सस्पेन्शन, वेगळ्या मापाची चाके आणि चेसिसवर वेल्डिंग ही कामे प्रशिक्षित हातांसाठीच सोडावीत. चाकाचे माप बदलले, की एबीएसचे गणितही बिघडू शकते. हँडल उंच करणारे रायझर सोपे वाटतात. पण त्यामुळे क्लच केबल आणि ब्रेकची नळी ताणली जात असेल, तर तेही काम मेकॅनिककडेच न्यावे.

घरी केलेल्या कामाची शेवटची पायरी मात्र घरी पूर्ण होत नाही. गाडी सुरू ठेवून हँडल दोन्ही टोकांना वळवावे. रेस आपोआप वाढली, तर केबल ताणली जात आहे. त्यानंतर घराजवळच ४०-५० किलोमीटरची फेरी मारावी आणि गाडी थंड झाल्यावर प्रत्येक नवा बोल्ट पुन्हा तपासावा. आवळून झालेल्या बोल्टवर आणि त्याच्या बुडाशी मार्करने एक सरळ रेघ ओढली, की बोल्ट फिरला आहे का, हे पुढे नुसत्या नजरेनेही कळते. लेहच्या वाटेवर रोज सकाळी चहा उकळेपर्यंत त्या रेघा पाहून होतात.